वर बघत चालणारे बापू

बापूंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. दर दसऱ्याच्या सुमारास वही उघडायची, पहिली ओळ लिहायची आणि उठून झाडांना पाणी घालायला जायचं, हा माझा क्रम. अंगणातली एक जास्वंद त्या पाण्यानेच कुजून गेली. आता वय अठ्ठ्याहत्तर झालं आहे आणि दुसरी जास्वंद लावायची हौस उरलेली नाही, तेव्हा लिहून टाकतो. जालन्याच्या जुन्या बाजारात आजही कोणी बापूंचं नाव काढलं की लोक हसतात आणि म्हणतात, "माणूस लाखातला, पण मोजणीत चुकला." बापू मोजणीत चुकले नव्हते. ही गोष्ट मला एकट्याला माहीत आहे, आणि ती मला कशी माहीत आहे हेच सांगणं जड जात होतं.

पण आधी बापू. रस्त्याने चालताना बापू रस्त्याकडे कधीही बघत नसत. मान वर, हनुवटी पुढे, हात पाठीमागे. नवख्या माणसाला वाटायचं, यांचा पोपट उडाला असावा. या सवयीपायी ते दोनदा गटारात पडले होते, एकदा कांद्याच्या हातगाडीवर, आणि एकदा भर वरातीत बँडवाल्याच्या ढोलावर जाऊन आदळले होते. "ढोलाला काही झालं न्हाई," ते सांगत, "नवरदेव तेवढा घोड्यावर दचकला. मी म्हणलं, बाबा, आत्ताच दचकून घे."

ते बघायचे दुकानांच्या वरची माडी. आमचा बाजार म्हणजे खाली दुकान आणि वर घर, अशीच बांधणी. पण आमच्या पिढीने पैसा हातात येताच बायपासच्या बाजूला कॉलन्यांमध्ये बंगले बांधले आणि माड्यांना कुलपं लागली. खाली गिऱ्हाईक, वर कबुतरं. बापू त्या माड्यांवर कपडे वाळत घालायची दोरी शोधायचे. दोरीवर कपडे दिसले की तिथे माणूस राहतो. किती माणसं, कोणत्या वयाची, टिकणारी की जाणारी, हे सगळं ते कपड्यांवरून सांगायचे. नुसत्या पँटी आणि बनियन दिसले तर म्हणायचे, "नोकरीवाला पोरगा. बदली झाली की जाईन." साडी दिसली की चेहरा खुलायचा. आणि दोरीवर ओळीने लंगोट दिसले तर बापू भर रस्त्यात थांबून खालच्या दुकानदाराला हाक मारून सांगायचे, "शेठ, तुमचं दुकान अजून पंधरा वर्सं हालत न्हाई!" दुकानदाराला बिचाऱ्याला काही कळायचं नाही, पण तो चहा पाजायचा.

बापू हे एका लॉजचे मॅनेजर होते. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर हे चौदा खोल्यांचं दुमजली लॉज. पाटीवरची नावाची अक्षरं एकेक करून गळून पडली होती आणि शेवटी फक्त 'लॉज' एवढाच शब्द राहिला होता. बापू म्हणायचे, "कामाचं तेवढंच उरलं, बाकीचं नखरा होता." एक नंबरची खोली त्यांची स्वतःची. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही, परतूर तालुक्यात वाटूरला एक भाची. वीस-बावीस वर्षं ते त्या खोलीत राहिले, पण कोणी पत्ता विचारला तर 'लॉजवर उतरलो आहे' असंच सांगायचे.

मॅनेजर म्हणून त्यांच्या काही खास पद्धती होत्या. आलेल्या माणसाच्या आधार कार्डाची झेरॉक्स ते नियमाप्रमाणे घेत, पण खरी नोंदणी तोंडी चाले. कुठून आलात, कशासाठी, जेवलात का, घरी फोन केला का. बियाण्यांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी, एमआयडीसीतल्या रोलिंग मिलवर मशीन दुरुस्तीला आलेले मिस्त्री, परीक्षेला आलेल्या मुली आणि त्यांचे वडील, दवाखान्यात कोणाला तरी भरती केलेले नातेवाईक, आणि कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी, असं त्यांचं गिऱ्हाईक. एकदा एकाच बांधाच्या दाव्यातले दोन चुलतभाऊ एकाच दिवशी खोली मागायला आले. बापूंनी दोघांना शेजारशेजारच्या खोल्या दिल्या, आणि मुद्दाम कॉमन बाथरूमच्या.

मी म्हणालो, "बापू, मारामारी होईल."

"न्हाई होत, सर. सकाळी बादली घेऊन दोघं दारात उभे राह्यले की माणूस किती येळ मुका राह्यतो? पाणी गरम हाये का, एवढं तर विचारनच."

दावा मिटला की नाही ते मला माहीत नाही. पण पुढच्या तारखेला दोघांनी मिळून एकच खोली घेतली, हे मी रजिस्टरात वाचलं आहे. बापूंनी त्या नोंदीखाली लाल रेघ मारून ठेवली होती आणि ते ती येईल-जाईल त्याला दाखवायचे. मी त्यांना म्हटलं, तुमच्यामुळे लॉजचं एका खोलीचं गिऱ्हाईक कमी झालं. ते म्हणाले, "झालं खरं. ह्या धंद्यात भलं करणं परवडत न्हाई."

माझी त्यांची ओळख किल्लीवरून झाली. मी शाळेत गणित शिकवायचो. आमचं मूळ घर त्याच बाजारात, भांड्यांच्या दुकानावरची माडी. निवृत्तीच्या आधी मीही सगळ्यांसारखा बायपासजवळ गेलो. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा बापू खाली उभे होते, अर्थातच वर बघत. म्हणाले, "सर, एक दोरी कमी केली तुम्ही. आता किल्ली तरी देऊन जा. बंद घराला बुरशी लवकर लागती." मी किल्ली दिली. तेव्हा कळलं की त्यांच्या कमरेला जो मोठा जुडगा लटकायचा, त्यात लॉजची एकही किल्ली नव्हती. त्या सगळ्या लोकांच्या रिकाम्या माड्यांच्या किल्ल्या होत्या. दर शुक्रवारी, बाजार थंड असताना, ते एकेक माडी उघडायचे, खिडक्या सताड करायचे, केर काढायचे, आणि तासाभराने परत बंद करायचे. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी त्यांना चहाही विचारत नसे. मी स्वतः विचारला नव्हता.

त्या शुक्रवारांमागे त्यांचा एक हिशोबी विचार होता. "आज जो खोली मागतो, तोच उद्या घर मागतो," असं ते म्हणायचे. लॉजवर कोणी आठ दिवसांपेक्षा जास्त राहिला की नवव्या दिवशी बापू जुडगा वाजवत त्याच्या दारात. "चला, माडी दाखवतो." बँकेत बदलून आलेला एक अधिकारी, खासगी दवाखान्यातली एक नर्स आणि तिचा नवरा, अशी तीन-चार बिऱ्हाडं त्यांनी स्वतःच्या लॉजमधून उठवून माड्यांवर बसवली. मी विचारलं, "बापू, तुम्ही लॉजचे मॅनेजर की लॉज रिकामं करायचा ठेका घेतलाय?" ते म्हणाले, "सर, वर माणसं राह्यली तर त्यांचे पाहुणे येतेन. पाहुणे आले की घरात जागा पुरत न्हाई. मंग ते कुठं येतेन?" आणि स्वतःच्याच छातीवर बोट ठेवून हसले.

त्यांचं पक्कं मत होतं की बाजार परत भरणार. मोठा रस्ता व्हायचा होता, त्याची तेव्हा नुसती बोलणी आणि मोजणीचे खुंटे होते. "एकदा रस्ता झाला की लोक येतेन. आले की म्हणतेन, कॉलनीत दूधसुद्धा गाडी काढून आणावं लागतंय, बाजारात राहू. बघा तुम्ही." मी मान डोलवायचो. बाजारातले सगळेच मान डोलवायचे आणि ते पुढे गेले की हसायचे. मीही त्यात होतो. त्यांना 'दोरीमास्तर' हे नाव मीच पाडलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की फोनवरसुद्धा सांगायचे, "दोरीमास्तर बोलून राह्यलो."

मग लॉजचं पुढे काय करायचं, हा विषय धाकट्या शेठने काढला. लॉजची इमारत त्याच्या वडिलांची. वडील गेले, धाकटा शेठ छत्रपती संभाजीनगरला राहायचा, महिन्यातून एकदा यायचा. तो माझा विद्यार्थी. वर्गात मधल्या बाकावर बसायचा आणि उत्तर येत असूनही हात वर करायचा नाही. इमारत जुनी झाली होती, पायपांना गंज होता. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. इमारत नीट करून वर चांगलं हॉटेल आणि मागच्या बाजूला राहायला चार-सहा घरं काढायची, किंवा सगळं रिकामं करून बियाण्यांच्या पोत्यांना गोदाम म्हणून द्यायचं. तो मला घरी येऊन म्हणाला, "सर, बापू म्हणतात मागणी आहे. पण बापूंचा जीव आहे त्या जागेत. तुम्ही एकदा मोजून सांगा. या गल्ल्यांमध्ये किती माड्या नांदत्या आहेत, खोली विचारायला, घर विचारायला किती जण येतात. तुमच्या आकड्यावर मी डोळे मिटून जाईन."

बापूंना हे कळलं तेव्हा ते नवीन शर्ट घालून माझ्याकडे आले. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसणाऱ्या मुलाचा आनंद होता. असा आनंद मी वर्गात कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "बराबर माणूस निवडला शेठनं. मी सातवी नापास. मी सांगितलं तर गप्पा वाटतेत. तुमी सांगितलं तर गणित." मग आवाज खाली करून म्हणाले, "फक्त सर, एक करा. आता पितृपक्ष लागून राह्यला. हे पंधरा दिवस मोजू नका."

"का?"

"ह्या दिवसात कोण घर बघायला येतंय? कोण नवी जागा घेतंय? लग्नाची बोलणी न्हाई, खरेदी न्हाई. आणि पावसाची भुरभुर हाये, कपडे घरात वाळतेत. घट बसू द्या, दसरा होऊ द्या. मंग मोजा."

मी गणिताचा माणूस. मी म्हणालो, "बापू, आजकाल माणसं पितरांना विचारून खोली घेतात का?"

"माणसं न्हाई विचारत, सर. पण बायको म्हणती, सर्वपित्री होऊ द्या. मंग माणूस थांबतो."

माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून "खरं आहे हो," म्हटलं. मी दोघांकडेही दुर्लक्ष केलं. मला दसऱ्यानंतर मुलाकडे पुण्याला जायचं होतं, नातवाचं बारसं होतं. म्हणून मी पितृपक्षातच चार दिवस छत्री घेऊन गल्ल्या फिरलो. बापू माझ्या मागे मागे, तोंड पाडून. ज्या माड्यांवर कपडे दिसले अशा दोऱ्या चार. लॉजच्या काउंटरवर बसलो तर दोन दिवसांत खोली विचारायला एक माणूस आला, आणि तोही बसस्टँडचा रस्ता विचारून गेला. भाड्याची घरं दाखवणाऱ्या दलालाला भेटलो. तो पाय वर घेऊन पेपर वाचत होता. मी हे सगळं रेघा मारून एका कागदावर लिहिलं. आमच्या स्वतःच्या माडीपुढे 'रिकामी' असं लिहिताना मला काहीच वाटलं नाही.

लॉजच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो. धाकटा शेठ, बाजारातले दोन-तीन दुकानदार, मी आणि दाराशी उभे बापू. मी कागद वाचला. बापू म्हणाले, "पण शेठ, नेहमी एवढं कमी नसतं." आणि मला विनोद सुचला. वर्गात चाळीस मुलं हसवायची सवय असलेल्या माणसाचा स्वतःवर ताबा राहत नाही. मी म्हणालो, "आमच्या दोरीमास्तरांना रिकाम्या दोरीवरही लंगोट दिसतात."

सगळे हसले. बापूही हसले. सगळ्यांत जास्त वेळ तेच हसले.

धाकटा शेठ मात्र शहाणा. तो तेवढा हसला नाही. म्हणाला, "सर, बापू म्हणतात तर दसऱ्यानंतर एकदा परत मोजा. तुमची दुसरी मोजणी आली की ठरवतो." मी हो म्हणालो. बापूंनी मला नमस्कार केला.

दसरा झाला. मी पुण्याला गेलो, बारसं झालं, मग सुनेने म्हटलं दिवाळी करूनच जा, मग राहिलो. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती की परत मोजलं तर बापू बरोबर निघतील, आणि चार माणसांपुढे मी सातवी नापास माणसाची चेष्टा केली होती. धाकट्या शेठचा फोन आला. "सर, दुसरी फेरी झाली का?" मी पुण्यातल्या गॅलरीत उभा होतो. समोर सुनेने वाळत घातलेली नातवाची दुपटी होती. मी म्हणालो, "झाली. फारसा फरक नाही."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बापूंचा फोन आला. आवाजात उत्साह होता, शेठने त्यांना मोजणी झाली एवढंच सांगितलं होतं, काय निघालं ते नाही.

"सर, तुमी कधी मोजून गेलते? मला दिसले न्हाई. मी तर एकोणीस दोऱ्या मोजल्या. आणि घट बसल्यापासून सात जण घर विचारून गेले."

मी म्हणालो, "मोजलं बापू. मला पाचच सापडल्या."

"पाच?"

"तुम्ही तीच माडी दोन-दोनदा मोजली असेल. मागून एकदा, पुढून एकदा."

मग ते हळू म्हणाले, "न्हाई सर. वीस वर्सं झाली, मी माड्या ओळखतो."

आणि मी म्हणालो, "बापू, एकदा डोळे दाखवून घ्या."

मी हे गमतीत म्हणालो होतो, असं लिहिण्याचा मोह होतो. पण ते खरं नाही. मी ते विषय संपवायला म्हणालो होतो, आणि तो संपला. बापू म्हणाले, "असन. तुमी म्हणता तर असन. तुमी गणिताचे." ते खरंच डॉक्टरकडे गेले. साठी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाच्या डोळ्यात सापडेल एवढा मोतीबिंदू त्यांच्याही एका डोळ्यात सापडला. झालं. त्यांना पुरावा मिळाला. बाजारभर त्यांनी स्वतःच सांगितलं, "मोती आल्ता डोळ्यात. मला एकाच्या दोन दिसून राह्यल्या होत्या, आणि मी शेठला भरीला घालत होतो. बरं झालं सरांनी मोजलं."

लॉज बंद झालं. गाद्या गेल्या, पलंग गेले, आणि चौदा खोल्यांमध्ये छतापर्यंत पोती लागली. धाकट्या शेठने बापूंना सांगितलं होतं की एक नंबरची खोली राहू द्या, गोदामावर लक्ष ठेवा. बापू म्हणाले, "पोत्यांना मी काय विचारू, जेवले का?" आणि वाटूरला भाचीकडे निघाले.

जाण्याआधी ते घरोघरी फिरून किल्ल्या परत देऊन आले. माझ्याकडे आले तेव्हा जुडग्यात माझी एकच उरली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली. म्हणाले, "कुलपाला अधूनमधून तेल सोडत जा. आणि पूर्वेची खिडकी जोरात ओढू नका, बिजागरी सैल हाये." त्या खिडकीची बिजागरी सैल आहे हे मला, घरमालकाला, माहीत नव्हतं. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. ते निघाले आणि मी बघत राहिलो. नवा चष्मा लावलेले बापू खाली बघत चालले होते. खड्डा चुकवून, दगड चुकवून, शहाण्या माणसासारखे. आमच्या शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवर एवढी मोठी दोरी होती, साड्या उडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

वाटूरला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बापू फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलेले सापडले. मला बघून उभे राहिले आणि टपरीतल्या सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे जालन्याचे सर. ह्यांची मोजणी बिलकुल बराबर. मी चुकलतो, ह्यांनी धरलं." टपरीवाल्याने माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. अशा स्वागतानंतर काय बोलणार? मी चहा प्यालो आणि परत आलो.

दुसऱ्यांदा गेलो तर त्यांची थट्टा परत सुरू झाली होती, म्हणून मला बरं वाटलं. भाची सुमन सांगत होती, "मामा दारावर आलेल्या पाहुण्याला विचारतेत, किती दिवस राहणार, आणि आधार कार्ड हाये का. माझ्या सासूलासुद्धा विचारलं." बापू म्हणाले, "तिला तर विचारायलाच पाह्यजे. ती नवव्या दिवशी पण जाईना." सासूबाई आतून ओरडल्या, "ऐकू येतंय मला!" आम्ही सगळे हसलो. त्या हसण्यात माझं वाक्य राहून गेलं. मी ते राहू दिलं.

मधल्या काळात मोठा रस्ता झाला. बाजार एकदम पालटला असं काही नाही, उगाच कशाला सांगू. अजून अर्ध्या माड्यांना कुलपं आहेत, गटारं आहेत तिथेच आहेत. पण हळूहळू फरक पडत गेला. रस्त्यावरून येणाऱ्या माणसांना एक रात्र थांबायला जागा मिळेना. दवाखान्यातल्या, बँकेतल्या, शाळांमधल्या तरुण जोडप्यांना कॉलनीतली भाडी आणि अंतरं नको झाली, ती बाजारात घर विचारत फिरायला लागली. माझ्या माडीसाठी भांड्यांच्या दुकानदारानेच फोन केला. एका शाळेतली शिक्षिका आणि तिचा नवरा तिथे राहायला आले. मला जरा शंका आली, म्हणून मागच्या वर्षी दसऱ्यानंतर मी काठी टेकत बाजारात गेलो आणि, इतक्या वर्षांनी, खरोखर मोजलं. मान वर करून चाललो. एकदा सायकलवाल्याने शिवी दिली. त्रेचाळीस दोऱ्या. नंतर भांड्यांच्या दुकानात बसलो, तेव्हा दुकानदार सहज बोलून गेला, "तेव्हाही सर, लॉज बंद झालं त्या दिवाळीत, वीसेक बिऱ्हाडं होतीच की वर. शेठने घाई केली." त्याने आठवून एकेक माडी सांगितली. मी बोटांवर मोजत गेलो. एकोणीस.

तो आकडा घेऊन मी तिसऱ्यांदा वाटूरला गेलो. बसमध्ये वाक्य तयार केलं. साधं वाक्य, सहा-सात शब्दांचं. बापू खाटेवर होते, फार वाळले होते. मी सांगितलं की आता त्रेचाळीस दोऱ्या आहेत. त्यांनी डोळे मोठे केले. मग समाधानाने म्हणाले, "आता असतेन, सर. रस्ता झाला ना. तवा नव्हत्या."

इथेच बोलायचं होतं. यापेक्षा सरळ जागा मला कोणी करून दिली नसती. मी तोंड उघडलं, आणि ते म्हणाले, "आणि तुमच्या माडीवर?"

"आहेत. एक शिक्षिका आणि तिचा नवरा."

"साडी की ड्रेस?"

"दोन्ही." मग राहवलं नाही, म्हणून सांगितलं, "आणि लंगोट. ओळीने."

बापू हसले. खाटेवर पडल्या पडल्या त्यांची मान मागे गेली, हनुवटी वर आली, आणि ते पत्र्याकडे बघू लागले, जसे पूर्वी बाजारात बघायचे तसे. "मंग खालचा भांडेवाला पंधरा वर्सं हालत न्हाई," ते म्हणाले. सुमनने बाहेरून सांगितलं की जालन्याची बस आली. बापूंनीच घाई केली. "जल्दी करा सर, मंग जागा न्हाई भेटायची. पूर्वेच्या खिडकीचं सांगितलं का त्यांना?" मी सांगतो म्हणालो. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. स्वतःला सांगितलं, पुढच्या खेपेला.

पुढची खेप झाली नाही. बापू या भाद्रपदात गेले, पितृपक्ष लागायच्या तीन दिवस आधी. सुमनचा फोन आला तेव्हा ती रडता रडता म्हणाली, "मामा म्हणत होते, सर आले की विचार, दसऱ्यानंतर किती झाल्या."

लॉजच्या इमारतीतली पोती आता बाहेर निघाली आहेत. धाकटा शेठ तिथे हॉटेल काढतो आहे, लिफ्टसह, मागे आठ घरं. परवा भेटला तर म्हणाला, "सर, बापू काळाच्या पुढे होते. फक्त डोळ्यांनी दगा दिला." मी मान डोलवली. त्यालाही हे वाचूनच कळेल. सुमनलाही एक प्रत पाठवणार आहे. पण ज्याला सांगायचं होतं त्याला आता कुठल्या पत्त्यावर पाठवू? तरी बसमध्ये तयार केलेलं ते वाक्य तेवढं इथे लिहून ठेवतो. बापू, दसऱ्यानंतर मी मोजायला आलोच नव्हतो.